तुमच्या उंदरांचं वजन हललं का नाही? दिनमान, मेलाटोनिन आणि चयापचय

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘दिवस लहान झाला की मेलाटोनिन वाढतं आणि हॅमस्टरचं वजन तिसऱ्या हिश्श्याने उतरतं, असं वाचलं. म्हणून आम्ही सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या वीस उंदरांना आठ आठवडे पिण्याच्या पाण्यातून मेलाटोनिन दिलं. वजन, खाणं, रक्तातली साखर, कशातच फरक पडला नाही. मात्रा कमी पडली का? आणि मुळात हे संप्रेरक चयापचयावर काम कसं करतं?’

आधी शब्दांचा एक गुंता सोडवतो. मराठीत माउस आणि रॅट दोघांनाही आपण उंदीर म्हणून मोकळे होतो, पण या विषयात ते दोन वेगळे प्राणी आहेत आणि वेगळं वागतात. म्हणून पुढे मी माउस आणि रॅट असंच लिहितो.

आता उत्तर. मात्रा दुप्पट केली असती, दहापट केली असती, तरी बहुधा हेच झालं असतं. तुमचा प्राणी चुकला, द्यायची पद्धत चुकली, आणि आठ आठवड्यांत थांबलात तेही घाईचं झालं. पण या तिन्ही चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे. मेलाटोनिन म्हणजे चरबी जाळणारं काहीतरी, आणि जास्त दिलं की जास्त जळेल, अशी ती समजूत. ती सुटली की बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

मेलाटोनिन हे रात्रीचं माप आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलातून निघालेली उजेडाची खबर मेंदूतल्या जैविक घड्याळाकडे, म्हणजे सुप्राकायझमॅटिक केंद्राकडे जाते. तिथून पिनिअल ग्रंथी अगदी जवळ आहे, पण मज्जातंतू सरळ जात नाहीत. आधी पाठीच्या कण्यात उतरतात, मानेतल्या वरच्या गंडिकेपाशी (मज्जापेशींच्या गाठीपाशी) येतात आणि मग पुन्हा डोक्यात चढतात. एवढा वळसा घालून रात्री पिनिअलमध्ये नॉरअॅड्रेनॅलिन सुटतं, सिरोटोनिनचं मेलाटोनिनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम जागं होतं आणि मेलाटोनिन रक्तात उतरतं. उजेड पडला की कारखाना काही मिनिटांत बंद. रक्तातलं आहे तेही फार टिकत नाही, यकृत ते झपाट्याने निकाली काढतं. म्हणून रक्तातली मेलाटोनिनची कमान बाहेरच्या रात्रीइतकीच लांब किंवा आखूड असते. दिवसा जागणारा प्राणी असो वा निशाचर, ते रात्रीच स्रवतं. त्यामुळे त्याला ‘झोपेचं संप्रेरक’ म्हणणं निशाचरांच्या बाबतीत हास्यास्पदच आहे. हॅमस्टरच्या रक्तात मेलाटोनिन शिगेला पोचलेलं असतं तेव्हा तो चाकावर पळत असतो.

हा रेणू ओळखीचा झाला तोच मुळी दुसऱ्याच कामासाठी. १९५८मध्ये त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींमधून मेलाटोनिन वेगळं काढलं, कारण त्यांना बेडकाची कातडी फिकी करणारा घटक हवा होता. ऋतूंशी त्याचा संबंध नंतर जुळला. दिवसाच्या लांबीचा परिणाम मात्र आधीपासून माहीत होता. १९३२मध्ये बेकर आणि रॅन्सन यांनी शेतातल्या व्होल या उंदरासारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांना १५ तासांऐवजी ९ तास उजेड दिला आणि त्यांचं प्रजनन थंडावलं. १९६५मध्ये हॉफमन आणि राइटर यांनी दाखवलं की अंधारात ठेवलेल्या हॅमस्टरची वृषणं आक्रसतात, पण पिनिअल काढून टाकलेली असेल तर आक्रसत नाहीत. म्हणजे अंधाराची खबर शरीरभर पोचवणारा टपालवाला सापडला.

टपालवाला पत्र आणतो, पत्रात काय करायचं ते लिहिलेलं नसतं. फक्त ‘आज रात्र अमुक तासांची होती’ एवढंच असतं.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मोजून-मापून दिलेल्या मेलाटोनिनच्या प्रयोगांतून मिळतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्टर आणि गोल्डमन यांनी सायबेरियन हॅमस्टरची पिनिअल काढली आणि कातडीखालच्या बारीक नळीतून रोज ठरावीक तास मेलाटोनिन सोडलं. दहा तास सोडलं की शरीर हिवाळ्यासारखं वागायचं, चार-सहा तास सोडलं की उन्हाळ्यासारखं. सहा तासांत भरपूर मेलाटोनिन ओतलं म्हणून त्याचे दहा तास होत नाहीत. मात्रेचा हिशेब इथे जवळजवळ गैरलागू आहे. ठरावीक पातळीच्या वर ते सलग किती वेळ राहिलं, यावर सगळं ठरतं. सीरियन हॅमस्टरमध्ये त्याआधीच दिसलं होतं की मोठ्या दिवसात ठेवलेल्या प्राण्याला रोज दुपारी उशिरा मेलाटोनिनचं इंजेक्शन दिलं तर वृषणं आक्रसतात, आणि तेच इंजेक्शन सकाळी दिलं तर काहीच होत नाही. दुपारचं इंजेक्शन प्राण्याच्या स्वतःच्या रात्रीच्या स्रावाला पुढून जोडलं जातं आणि रात्र लांबल्यासारखी भासते. सकाळचं एकटंच पडतं.

आता तुमची पाण्याची बाटली आठवा. प्राणी केव्हा प्यायला, किती वेळाने पुन्हा प्यायला, मधे रक्तातली पातळी किती वेळा तळाला गेली, हे तुमच्या हातात होतं का?

सायबेरियन हॅमस्टरवर जरा थांबतो, कारण या विषयातलं आपलं बरंचसं ज्ञान याच मूठभर प्राण्यातून आलं आहे. मोठ्या दिवसात, म्हणजे १६ तास उजेड आणि ८ तास अंधार असताना, नर साधारण ४० ते ४५ ग्रॅमचा, गोलमटोल, पाठीवर करड्या रंगाचा असतो. त्याला ८ तास उजेड आणि १६ तास अंधारात टाका. तापमान बदलू नका, खाणं कमी करू नका, भांडं काठोकाठ भरलेलं ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे काही होत नाही आणि नवखा माणूस निराश होतो. मग वजनाचा काटा हळूहळू खाली सरकू लागतो. बारा ते अठरा आठवड्यांत वजन तिसऱ्या हिश्श्याने, काही प्राण्यांत त्याहूनही जास्त उतरतं. वृषणं मूळ वजनाच्या दहाव्या हिश्श्याखाली जातात. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कमी झाल्याने नवी फर पांढरी आणि दाट येते. या जातीला १३ तासांच्या आसपासचा दिवस ही सीमारेषा वाटते. त्याहून आखूड म्हणजे हिवाळा आला. सीरियन हॅमस्टरची सीमा साडेबारा तासांची. साडेबारा तास उजेड मिळाला तर वृषणं शाबूत, बारावर आणलं की आक्रसतात. अर्ध्या तासाचा फरक ओळखणारं हे यंत्र पाहून मला अजूनही नवल वाटतं.

चयापचयाच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्राणी उपाशी नाही. समोर अन्न आहे आणि तो कमी खातो, आपणहून. हे नीट तपासायला एक सोपा आणि हुशार प्रयोग झाला. लहान दिवसात वजन उतरत असलेल्या हॅमस्टरना मधेच काही आठवडे मोजकं अन्न दिलं, वजन आणखी पाडलं, आणि मग पुन्हा पोटभर खाऊ दिलं. ते खाऊन वर आले, पण अन्न तोडण्याआधीच्या वजनापाशी आले नाहीत. त्या आठवड्यात त्यांचं वजन जेवढं असायला हवं होतं, म्हणजे ज्यांना उपाशी ठेवलं नव्हतं त्यांचं जेवढं झालं होतं, तिथे येऊन थांबले. म्हणजे शरीराचं ‘योग्य वजन’ स्वतःच दर आठवड्याला खाली सरकत होतं आणि भूक त्याच्यामागे चालत होती. अभ्यासक याला सरकतं लक्ष्य म्हणतात. माणसाच्या वजनाबद्दल बोलणाऱ्या सगळ्यांनी हा आलेख एकदा तरी पाहावा असं मला वाटतं. अर्थात माणूस हॅमस्टर नाही, हेही त्याच दमात सांगतो.

उतरणारं वजन मुख्यतः चरबीचं असतं, आणि चरबीही सगळीकडून सारखी जात नाही. पोटातली, वृषणांजवळची आणि मूत्रपिंडामागची आधी जाते, कातडीखालची मागे राहते. बार्टनेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चरबीच्या पेशींपर्यंत सिंपथेटिक मज्जातंतू पोचलेले असतात आणि कुठली गादी आधी रिकामी करायची हे मेंदू त्या तारांवरून ठरवतो. मेलाटोनिन चरबीच्या पेशीला थेट हुकूम देत असेल ही कल्पना आकर्षक आहे, पण ऋतूनुसार होणाऱ्या बदलात मुख्य वाट मेंदूतूनच जाते.

लेप्टिनची, म्हणजे चरबीच्या पेशींतून निघणाऱ्या संप्रेरकाची, गंमत पाहा. चरबी कमी झाली की लेप्टिन कमी होतं, आणि लेप्टिन कमी झालं की भूक भडकते, हा पाठ्यपुस्तकी नियम. लहान दिवसातल्या हॅमस्टरचं लेप्टिन तळाला असतं आणि तरी भूक शांत असते. याच प्राण्याला बाहेरून थोडं लेप्टिन दिलं तर तो त्याला जोरात प्रतिसाद देतो आणि आणखी चरबी गमावतो. मोठ्या दिवसातला जाडा हॅमस्टर तेवढ्याच लेप्टिनला दाद देत नाही. म्हणजे ऋतू बदलला की संदेश तोच राहतो, ऐकणारे कान बदलतात.

दुसऱ्या बाजूला भट्टी वाढते. लहान प्राण्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, उष्णता भराभर निसटते. वजन उतरल्यावर एकूण खर्च कमी होतो, पण थंडीत टिकायला ऊब निर्माण करण्याची ताकद लागतेच. ती तपकिरी चरबीतून येते. या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं. ते असलं की इंधन जळतं, पण त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, न बनता सरळ उष्णता निघते. १९७४मध्ये हेल्डमायर आणि हॉफमन यांनी दाखवलं की मेलाटोनिन दिल्याने या हॅमस्टरची तपकिरी चरबी वाढते. थंडीत न ठेवता, नुसता दिवस लहान करूनही ही वाढ होते. थंडी पडायच्या कितीतरी आधी शरीर भट्टी बांधून ठेवतं; तापमान लहरी असतं, दिनमान कधी चुकत नाही.

आणि मग टॉर्पर. लहान दिवसात अडीच-तीन महिने गेल्यावर काही प्राणी दिवसाच्या विश्रांतीच्या वेळात काही तासांपुरते शरीर थंड करतात. ३७ अंशांवरून तापमान २०च्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातं. ही शीतनिद्रा नाही. संध्याकाळपर्यंत प्राणी गरम होऊन चरायला निघतो. पहिल्यांदा असा प्राणी हातात घेतला तेव्हा मी तो मेला असं समजून नोंदवहीत तशी खूणही केली होती. गुंडाळलेला, नदीतल्या गोट्यासारखा गार, श्वास मोजायला घड्याळ धरून बसावं लागेल इतका मंद. हातात घेतल्याच्या धक्क्याने तो तापायला लागला. आधी मिशा थरथरल्या, मग पुढचे पाय, मग खांद्यांमधली तपकिरी चरबीची जागा बोटाला स्पष्ट गरम लागली. अर्ध्या-पाऊण तासाने तो पिंजऱ्याच्या जाळीला चावत होता आणि मी नोंदवहीतली खूण खोडत होतो. म्हणून सांगतो, टॉर्पर मोजायचा तर पोटात बसवलेला तापमान-प्रेषक वापरा. हात लावलात की तुम्ही तो मोडता.

टॉर्परचं एक वेळापत्रकही आहे. रक्तात टेस्टोस्टेरॉन असेपर्यंत तो येत नाही. वृषणं आक्रसल्यावरच दार उघडतं. वजन घटणं मात्र वृषणांवर अवलंबून नाही, खच्ची केलेल्या प्राण्यांतही दिवस लहान केल्यावर ते घटतं. प्रजनन आणि चयापचय एकाच खबरीवरून हलतात, पण दोघांच्या वायरी वेगळ्या आहेत.

ही खबर मेंदूत नेमकी वाचली कुठे जाते? बरीच वर्षं लोक हायपोथॅलॅमसमध्ये शोधत होते. मेलाटोनिनचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारी प्रथिनं (रिसेप्टर), सर्वांत दाट सापडले ते पिट्यूटरीच्या देठाला लपेटलेल्या पार्स ट्युबरॅलिस नावाच्या पातळ पट्टीत. इथली गोष्ट उलट्या दिशेने वाहते. पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक बनवते आणि ते खाली थायरॉइडकडे जातं, हे आपण शिकलो. पार्स ट्युबरॅलिसमधलं टीएसएच वर मेंदूकडे जातं. तिसऱ्या मेंदूविवराच्या भिंतीत टॅनिसाइट नावाच्या पेशी आहेत. टीएसएच पोचलं की त्या डायो-२ हे एन्झाइम वाढवतात आणि ते थायरॉक्सिन या थायरॉइड संप्रेरकापासून त्याचं प्रत्यक्ष काम करणारं रूप, टी-३, तयार करतं. रात्र लांबली, मेलाटोनिन जास्त तास राहिलं की हे टीएसएच दबतं, डायो-२ घटतं, टी-३ मोडणारं डायो-३ वाढतं आणि हायपोथॅलॅमसच्या त्या कोपऱ्यात टी-३चा दुष्काळ पडतो. रक्तातलं थायरॉइड संप्रेरक मात्र जवळपास होतं तसंच असतं. म्हणून नुसतं रक्त तपासून या बदलाचा माग लागत नाही.

डायो-२चा हा धागा पहिल्यांदा २००३मध्ये योशिमुरा यांच्या गटाने जपानी क्वेल पक्ष्यात पकडला. पक्षी त्यासाठी मेलाटोनिनवर विसंबून नसतात, त्यांना कवटीतूनच उजेड कळतो. पण पुढची यंत्रणा सस्तन प्राण्यांतही तीच निघाली. खातरजमेचा प्रयोग हॅमस्टरमध्ये झाला. लहान दिवसातल्या प्राण्याच्या हायपोथॅलॅमसमध्ये टी-३ झिरपवणारी बारीक कांडी बसवली. बाहेर अंधार तसाच, मेलाटोनिन लांबलेलं तसंच, तरी वजन उतरलं नाही, वृषणं आक्रसली नाहीत आणि टॉर्परही आला नाही. मेलाटोनिनची साखळी जिथे संपते ती कडी ही.

ग्राहींबद्दल एक छोटी गोष्ट. सस्तन प्राण्यांत मेलाटोनिनचे दोन ग्राही, एमटी-१ आणि एमटी-२. सायबेरियन हॅमस्टरमध्ये एमटी-२चं जनुक निसर्गतःच निकामी आहे. एवढं सगळं ऋतुचक्र तो एकट्या एमटी-१वर चालवतो.

आता ‘मेलाटोनिनने वजन घटतं’ या वाक्याकडे परत येऊ. सीरियन हॅमस्टर घ्या. त्यालाही लहान दिवस, त्यालाही लांबलेलं मेलाटोनिन. तो जाड होतो. खाणं फारसं न वाढवता चरबी साठवतो, कारण त्याला थंडीत बिळात जाऊन खरी शीतनिद्रा घ्यायची असते. मेडो व्होल लहान दिवसात हलका होतो, ध्रुवाजवळचा कॉलर्ड लेमिंग जड होतो. मादागास्करचा माउस लेमूर, शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचा चिमुकला प्रायमेट, लहान दिवसात शेपटीसकट फुगतो आणि कोरड्या ऋतूत टॉर्परमध्ये जाऊन ती चरबी पुरवून वापरतो. दिवस मोठे झाले की सडपातळ आणि चपळ होतो. खबर सगळ्यांना एकच मिळाली. कोणी शिधा भरला, कोणी गरजा कमी केल्या. कुठल्या जातीने काय करायचं हे तिच्या पूर्वजांच्या हिवाळ्यांनी ठरवलेलं आहे, मेलाटोनिनच्या रेणूत त्यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सगळेच छोटे प्राणी या टपालावर चालतात असंही नाही. गोल्डन-मँटल्ड खारींना कायम १२ तास उजेड, १२ तास अंधार आणि एकच तापमान दिलं तरी त्या साधारण वर्षाच्या चक्राने जाड होतात, झोपतात, उठतात. त्यांच्यात वर्षाचं घड्याळच आत आहे. हॅमस्टरमध्येही त्याची सावली दिसते. लहान दिवसात वीस-तीस आठवडे ठेवला की अंधार तसाच असूनही वजन परत चढू लागतं, वृषणं वाढतात, फर करडी होते. मेलाटोनिन अजून लांबच असतं, पण शरीर आता ते ऐकत नाही. बिळात बसलेल्या प्राण्याला वसंत बघायला बाहेर यावं लागत नाही, तो आत बसूनच मोजतो. यानंतर काही आठवडे मोठे दिवस मिळाल्याशिवाय तो पुन्हा लहान दिवसाला दाद देत नाही. जुने, वापरलेले प्राणी नव्या प्रयोगात घेणाऱ्यांचे निकाल इथे फसतात.

जन्माआधीचा इतिहासही मोजला जातो. आईचं मेलाटोनिन नाळेतून पिल्लापर्यंत पोचतं. १४ तासांच्या दिवसात वाढणाऱ्या पिल्लाची आई गरोदरपणी १६ तासांत होती की १२ तासांत, यावर ते पिल्लू झपाट्याने वाढेल की थांबून राहील हे ठरतं. दिवस चढता आहे की उतरता, हे त्याला आईकडून कळलेलं असतं. म्हणून प्राणी विकत घेताना पैदास कुठल्या उजेडात झाली ते विचारा. बहुतेक पुरवठादारांना हा प्रश्न विचित्र वाटतो. तरी विचारा.

आता तुमच्या माउसकडे. सी-५७ ब्लॅक-६मध्ये मेलाटोनिन बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातच दोष आहे; रात्री त्यांच्या रक्तात उल्लेखनीय मेलाटोनिन सापडत नाही. प्रयोगशाळेतल्या बहुतेक माउस जातींची हीच कथा. सी-३एच आणि सीबीए या अपवाद. सी-५७मध्ये ग्राही आहेत, त्यामुळे बाहेरून दिलेलं मेलाटोनिन ते ओळखतात. पण कित्येक पिढ्या बारमाही पैदाशीसाठी निवडलेल्या या प्राण्यांत ऋतूनुसार वजन आणि प्रजनन फिरवणारं यंत्र उरलेलंच नाही म्हटलं तरी चालेल. सीबीएमध्ये दिवसाची लांबी बदलली की टॅनिसाइटमधलं डायो-२ हलतं, तरी वृषणं ढिम्म. म्हणजे टपाल आलं, वाचलंही गेलं, पुढे कोणी काही केलं नाही. सी-३एचच्या बहुतेक वाणांत वेगळी अडचण, त्यांचं दृष्टिपटल लहानपणीच झिजतं. तरीही घड्याळाला उजेड कळतो, कारण तो निरोप दृष्टिपटलातल्याच मेलानोप्सिन हे उजेड टिपणारं रंगद्रव्य असलेल्या गँग्लियन पेशी पोचवतात. पण परीक्षक हा प्रश्न विचारणार हे धरून चाला.

रॅट हवाच असेल तर फिशर-३४४ जातीचे तरुण नर लहान दिवसात कमी खातात आणि हलके राहतात. इतर बहुतेक जाती मख्ख. मध्यमवयीन रॅटना रोज रात्री पाण्यातून मेलाटोनिन दिल्यावर पोटातली चरबी कमी झाल्याचे अहवाल आहेत, आणि पिनिअल काढलेल्या रॅटमध्ये इन्सुलिनला प्रतिसाद मंदावतो आणि स्नायू-चरबीत ग्लुकोज आत घेणारं ग्लुट-४ घटतं हेही दिसलं आहे. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवर मेलाटोनिनचे ग्राही आहेत आणि तिथे ते इन्सुलिनचा स्राव आवरतं. पण हा सगळा रोजच्या दिवस-रात्रीचा हिशेब आहे, ऋतूंचा नाही. तुमच्या प्रश्नात हे दोन हिशेब एकत्र झाले आहेत, आणि खरं सांगायचं तर छापलेल्या कितीतरी लेखांतही होतात. रात्री मेलाटोनिन आहे की नाही हा एक प्रश्न. ते किती तास आहे आणि कित्येक आठवडे तसंच आहे का, हा दुसरा. ज्या प्राण्याला ऋतूच नाहीत त्याच्यावर दुसरा प्रश्न विचारता येत नाही.

रात्रीच्या उजेडाबद्दल एक ताकीद. २०१०मध्ये फोन्केन आणि सहकाऱ्यांनी माउसना रात्री फक्त ५ लक्स मंद उजेड दिला आणि ते तेवढंच खाऊन जास्त जाड झाले. खाण्याची वेळ दिवसाकडे सरकली होती. हे उदाहरण ‘मेलाटोनिन दबलं म्हणून लठ्ठपणा’ अशा मथळ्याखाली फिरतं. खाण्याची वेळ हलणं हे त्याचं पुरेसं स्पष्टीकरण आहे, आणि ज्या जातीत मेलाटोनिनच अत्यल्प असतं तिच्यात ते दबलं म्हणण्यात अर्थ नाही. हॅमस्टरची गोष्ट निराळी. त्यांच्यात लांब रात्रीच्या मध्यावर एक मिनिट दिवा लावला तरी मेलाटोनिनची कमान तुटते आणि शरीर त्याला लहान रात्र समजतं.

हे मी स्वतः भोगलं आहे. एका वर्षी लहान दिवसांच्या खोलीतले जवळपास सगळे हॅमस्टर बाराव्या आठवड्यापर्यंत पांढरे झाले, फक्त दाराजवळच्या रॅकचे तळातले सहा पिंजरे करडेच राहिले. वजनही तसंच. आम्ही आधी प्राण्यांना दोष दिला, कारण या जातीत काही जण जन्मतःच दाद न देणारे असतात. पण असे प्राणी खोलीभर विखुरलेले असायला हवेत, एका ओळीत बसलेले नाही. मग मी एका रात्री खोलीत दिवे मालवून जमिनीवर बसून राहिलो. दोनच्या सुमाराला बाहेरच्या मार्गिकेत पहारेकरी फिरला, हालचालीवर लागणारा दिवा पेटला आणि दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत आली. बरोबर सहा पिंजऱ्यांपर्यंत. दाराखाली रबरी पट्टी लावायला दहा मिनिटं लागली. वाया गेलेले तीन महिने परत आले नाहीत.

तेव्हा पुन्हा करणार असाल तर सायबेरियन हॅमस्टर मिळवा, १६ तासांच्या दिवसात वाढलेले, आधी कशातही न वापरलेले. अर्धे तिथेच ठेवा, अर्धे ८ तासांत हलवा. टायमरवर विश्वास ठेवू नका, खोलीत उजेड नोंदणारं छोटं यंत्र ठेवा आणि दर आठवड्याला त्याची नोंद बघा. अंधारातली कामं मंद लाल दिव्यात, तीही थोडक्यात. मेलानोप्सिन निळ्या उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतं, पण लाल म्हणजे अदृश्य असं समजू नका. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, अंधार व्हायच्या थोडं आधी. खाणं मोजताना गालफडांत आणि गवताच्या घरट्यात दडवलेले दाणेही मोजा, नाहीतर तुमचे हॅमस्टर कागदावर खादाड दिसतील. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजायची सोय असेल तर श्वसन गुणांक पाहा. तो एकच्या जवळून ०.७ कडे घसरला की प्राणी कर्बोदकं सोडून चरबीवर चालला आहे.

मेलाटोनिनच द्यायचं असेल तर मोठ्या दिवसातल्या प्राण्यांना दिवे मालवण्याच्या दोन-तीन तास आधी रोज इंजेक्शन द्या आणि दुसऱ्या गटाला तेच सकाळी. तो सकाळचा गट तुमचा खरा तुलनेचा गट आहे. कातडीखाली सतत झिरपणारी कांडी बसवण्याचा मोह टाळा. सीरियन हॅमस्टरमध्ये अशा कांडीने लहान दिवसाचा परिणाम उलट पुसला गेल्याचं १९७०च्या दशकातच दिसलं आहे. चोवीस तास मेलाटोनिन असलं की रात्र कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हेच शरीराला कळत नाही.

आणि सोळा आठवड्यांच्या आत निष्कर्ष लिहायला बसू नका. सहाव्या आठवड्यात मार्गदर्शक ‘काही दिसतंय का’ विचारतील. तेव्हा वजनाचा तक्ता दाखवण्याऐवजी एखाद्या प्राण्याच्या पाठीवरचे केस फुंकर मारून बाजूला करा. मुळाशी पांढरं यायला लागलं असेल.